फास्ट लेन्सने रस्त्यावर फोटो काढताना फोकस का हुकतो, आणि त्यावर काय करायचं

घरात खिडकीपाशी काढलेले फोटो एकदम शार्प, आणि तीच लेन्स घेऊन तुळशीबागेत किंवा दादरच्या फुलबाजारात गेलं की निम्मे फोटो बाद. ५० एमएम एफ/१.८ सारखी फास्ट लेन्स, म्हणजे खूप उजेड आत घेणारी लेन्स, घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची कधी ना कधी ही तक्रार असते. ३५ एमएम एफ/१.४ वाल्यांची जरा कमी, पण असते. माणसाचा कान शार्प, डोळा मऊ. समोरून येणारी बाई धूसर, तिच्यामागच्या दुकानातली पितळी पातेली मात्र लखलखीत. दोन-तीन वेळा असं झालं की लेन्सवर संशय येतो आणि ती विकायची भाषा सुरू होते.

लेन्स बहुतेक वेळा ठणठणीत असते. गडबड असते ती तीन गोष्टींच्या जमण्यात: माणूस किती लांब आहे, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) किती उघडं आहे आणि तो माणूस कुठल्या दिशेने किती वेगाने चालला आहे. घरात खुर्चीवर बसलेलं मूल यातली तिसरी गोष्ट शून्यावर आणतं, म्हणून तिथे सगळं जमतं.

आधी ब्लर कुठला ते ओळखा

फोटो संगणकावर उघडा आणि चेहऱ्याकडे नंतर बघा; आधी जमीन बघा. रस्ता, फरशी, पेव्हर ब्लॉक, जे काही पायाखाली असेल ते. फ्रेमच्या खालच्या कडेपासून वर जात राहिलात की कुठेतरी एक आडवा पट्टा सापडेल जिथे डांबरातली खडी स्वच्छ दिसते. तो पट्टा माणसाच्या पावलांच्या अलीकडे असेल तर फोकस पुढे बसला, पलीकडे असेल तर मागे गेला. पट्टा कुठेच नसेल आणि उजेडाचे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर हात हलला आहे. आणि पट्टा बरोबर पावलांखाली असून माणूसच पुसट असेल, त्यातही हात-पाय धडापेक्षा जास्त पुसट, तर शटर स्पीड कमी पडला. शेवटच्या दोन दुखण्यांचा डेप्थ ऑफ फील्डशी, म्हणजे फोकसच्या पुढेमागे जेवढा पट्टा शार्प येतो त्याच्याशी, काही संबंध नाही; शटर १/२५० किंवा १/५०० वर नेऊन ठेवला की ती बहुतेक मिटतात.

जमीन फ्रेममध्ये नसेल तर आणखी एक खूण आहे. बहुतेक फास्ट लेन्स पूर्ण उघड्या असताना फोकसच्या पुढच्या भागातल्या चमकत्या कडांना जांभळट-गुलाबी छटा देतात आणि मागच्या भागातल्या कडांना हिरवट. तुमच्या माणसाच्या चष्म्याच्या काडीवर किंवा पांढऱ्या टोपीच्या कडेला हिरवी झाक दिसली तर तो फोकसच्या मागे राहिला, म्हणजे फोकस त्याच्या अलीकडे बसला. गुलाबी दिसली तर उलट. महागड्या आधुनिक लेन्समध्ये ही छटा जवळजवळ नसते. स्वस्त फिफ्टीमध्ये भरपूर असते, आणि इथे तरी ती कामाला येते.

आणि १०० टक्के झूम करून स्वतःला छळू नका. डेप्थ ऑफ फील्डची जी कोष्टकं मिळतात ती फुल फ्रेमसाठी (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरसाठी) ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालेल असं धरून केलेली असतात, म्हणजे मध्यम आकाराची प्रिंट हातात धरून बघायच्या बेताने. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. पिक्सेल मोजायला बसलात तर कोष्टकातला पट्टा पाचव्या हिश्श्यावर येतो, आणि मग कुठलाच फोटो पास होत नाही.

पट्टा किती, माणूस किती सरकतो

फुल फ्रेम, ५० एमएम, एफ/१.८. फोकस २ मीटरवर असेल तर शार्प पट्टा सुमारे १७ सेंटिमीटरचा. १ मीटरवर आलात तर ४ सेंटिमीटर. तिथे डोळा शार्प असताना नाकाचं टोक आणि कान दोन्ही गेलेले असतात. ३ मीटरवर तोच पट्टा ३९ सेंटिमीटर होतो. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर हीच लेन्स २ मीटरवर जेमतेम ११-१२ सेंटिमीटर देते.

आता माणूस. बाजारात सहज चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास पुढे येतो. फोकसचा हिरवा चौकोन लागला, तो डोळ्यांनी पाहिला, बोट पूर्ण दाबलं, शटर पडलं, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. तेवढ्यात तो २५ सेंटिमीटर पुढे आलेला असतो. २ मीटरवर फोकसच्या पुढे तुमच्याकडे असतात सुमारे ८ सेंटिमीटर. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस अचूक लावला होता. माणूस तिथून निघून आला.

यातून काही गोष्टी आपोआप सुटतात. पहिली म्हणजे, तुमच्याकडे चालत येणाऱ्यांना एफ/१.८ ला टिपायचा हट्ट सोडा. तुमच्यासमोरून आडवा जाणारा माणूस मात्र अंतर फारसं बदलत नाही. त्याच्यासाठी लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी चालते, फक्त शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका. हातगाडी ओढणारा, सायकलवाला, रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं, सगळे आडवे जाताना पकडा.

दुसरं, अंतराचा परिणाम वर्गाने होतो. १.५ मीटरवरून ३ मीटरवर गेलात की पट्टा चौपट होतो. तोच पट्टा अ‍ॅपर्चरने चौपट करायचा तर एफ/१.८ वरून एफ/७ पर्यंत जावं लागेल. त्यामुळे आपण सगळे अ‍ॅपर्चरची चर्चा जितकी करतो, त्याच्या निम्मी तरी पावलांची करायला हवी. लेन्सच्या एमएमचंही तसंच: त्याच जागी उभं राहून ५० ऐवजी ३५ लावली की पट्टा दुप्पट. गर्दीसाठी ३५ किंवा २८ बरी म्हणणारे लोक केवळ फॅशन म्हणून तसं म्हणत नाहीत. क्रॉप सेन्सरवर फिफ्टी लावून मंडईच्या बोळात शिरणं म्हणजे ७५-८० एमएमचा दृष्टिकोन घेऊन शिरणं. मागे सरकायला जागा नसते आणि पट्टा वीतभरही नसतो.

ऑटोफोकसच्या सवयी

सिंगल एएफ म्हणजे एकदा लागला की लागला. चालत्या माणसांसाठी कंटिन्युअस हवा. कॅननवर त्याला सर्वो म्हणतात, बाकी बहुतेकांवर एएफ-सी. पण तो लावला की काम संपलं असं नाही. अनेक कॅमेऱ्यांत कंटिन्युअस मोडला मूळ सेटिंग रिलीज प्रायॉरिटीचं असतं, म्हणजे फोकस लागो न लागो, बोट दाबलं की शटर पडणारच. मेनूत जाऊन फोकस प्रायॉरिटी करता येते, पण मग नेमक्या क्षणी कॅमेरा अडून बसतो. रस्त्यावर मी रिलीजच ठेवतो आणि अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) बंद करतो. क्षण गेला तर शार्पनेसचं काय लोणचं घालायचं?

चेहरा ओळखणारा फोकस एकट्यादुकट्या माणसासाठी उत्तम. गर्दीत तो जवळच्या, मोठ्या चेहऱ्याकडे उडी मारतो, आणि आपल्याकडे गर्दीतला सगळ्यात मोठा चेहरा बहुतेक वेळा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा असतो. कॅमेऱ्याला छापील चेहरा आणि जिवंत चेहरा यांतला फरक कळेलच असं नाही. चौकात उभे असाल तर चेहरा ओळखणं बंद करा किंवा त्याचा वावर फ्रेमच्या मधल्या छोट्या झोनपुरता ठेवा.

मधल्या पॉइंटवर फोकस लावून, बटण अर्धं दाबून, कॅमेरा वळवायची जुनी सवय अनेकांना आहे. थोडं वळवलं तर बिघडत नाही: ५० एमएमवर माणसाला मधून फ्रेमच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर नेलं तर चूक दीड मीटरवर सेंटिमीटरभर होते. पण ३५ एमएम एफ/१.४ ला दीड मीटरवरच्या माणसाला कडेपर्यंत, म्हणजे २० अंश वळवून नेलंत, तर फोकसचं प्रतल (जिथे सगळं शार्प येतं तो अदृश्य सपाट पडदा) त्याच्या ९ सेंटिमीटर मागे जातं. तिथे फोकसच्या दोन्ही बाजूंना पट्टा आहे प्रत्येकी साधारण ७-८ सेंटिमीटरचा. मागचं दुकान शार्प येण्याचं हे एक ठरलेलं कारण, आणि त्यात फोकस नेहमी मागेच जातो, पुढे कधीच नाही. बाद फोटोंमध्ये सगळ्यांचाच फोकस मागे आणि सगळी माणसं कडेला असतील, तर दुसरीकडे शोधायला नको.

अंतर आधीच लावून ठेवणं

ऑटोफोकसच्या आधीच्या काळात बातमीदार छायाचित्रकार एफ/८ लावायचे, अंतर अंदाजाने ठेवायचे आणि फक्त बटण दाबायचे. फास्ट लेन्सवाल्यांना हा सल्ला अपमानासारखा वाटतो: एफ/१.४ साठी एवढे पैसे मोजले ते एफ/८ ला वापरायला? पण आकडे बघा. ३५ एमएम, फुल फ्रेम, फोकस ३ मीटरवर. एफ/१.४ ला शार्प भाग २.७ ते ३.३ मीटर. एफ/४ ला २.३ ते ४.२. एफ/५.६ ला २.१ ते ५. एफ/८ ला १.९ ते ७.१ मीटर. शेवटच्या दोन सेटिंगांत चालत येणाऱ्या माणसाला तीन-चार पावलं टाकू दिली तरी तो पट्ट्यातच असतो, आणि कॅमेरा फोकस शोधण्यात वेळ घालवत नाही. २८ एमएमवर तर एफ/८ आणि अडीच मीटर म्हणजे १.४ पासून १० मीटरपर्यंत सगळं.

अंतराचा अंदाज हा यातला कच्चा दुवा. तो रस्त्यावर उभ्या वाहनांवरून बसवा. साधी तीनचाकी रिक्षा २.६ मीटरच्या आसपास लांब असते, अ‍ॅक्टिव्हासारखी स्कूटर १.८ मीटरच्या. रिक्षा स्टँडवर चहा पिता पिता मनात एक रिक्षा आडवी घातली की अडीच मीटर कुठे संपतात ते डोळ्यांत बसतं. मग फोकस अडीचवर आणि पलीकडच्या रिक्षाएवढ्या अंतरात जो येईल त्याचा फोटो.

अडचण अशी की स्वस्त ऑटोफोकस प्राइमवर (झूम नसलेल्या लेन्सवर) अंतराची पट्टीच नसते, आणि अनेकींची फोकस रिंग थेट काचा फिरवत नाही, मोटरला नुसता निरोप देते. तिला चिकटपट्टी लावून काही उपयोग नाही. उपाय: फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. अडीच मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर ते बटण एकदा दाबा, सोडा आणि नंतर त्याला हात लावू नका. कॅमेरा झोपून उठला तर एकदा तपासा, कारण काही कॅमेऱ्यांत बंद-चालू झाल्यावर लेन्स आपली जागा विसरते. काही मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे मॅन्युअल फोकसला स्क्रीनवर अंतर दाखवतात, तिथे हा खटाटोप नको. रिकोच्या जीआर मालिकेत तर स्नॅप फोकस नावाने ही सोय आयतीच आहे, आणि रस्त्यावरच्या फोटोवाल्यांना तो छोटा कॅमेरा आवडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

भर दुपार

दुपारच्या कडक उन्हात एफ/१.८ वर अडकून राहिलेल्यांचा प्रश्न वेगळाच. फोकस हुकण्याआधीच फोटो पांढराफटक येतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला भर उन्हात एफ/१६ साठी १/१०० च्या आसपास शटर लागतो, तिथून एफ/१.८ ला आलात तर १/८००० हवा. सुरुवातीच्या किमतीतले बहुतेक कॅमेरे १/४००० ला थांबतात. एफ/१.४ ला तर १/१२००० च्याही पुढे जावं लागतं. इलेक्ट्रॉनिक शटर तिथवर पोचतो, पण वेगाने जाणारी चाकं आणि बसेस तिरक्या करतो, आणि दुकानातल्या एलईडीखाली आडव्या पट्ट्या आणतो. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावता येतो. मला विचाराल तर दुपारी एफ/८ लावा आणि सावल्यांवर काम करा. उघड्या अ‍ॅपर्चरचा नाद संध्याकाळपर्यंत ठेवून द्या.

रात्र आणि मिरवणूक

इथे फास्ट लेन्स खरंच कमाई करते, आणि इथेच लोक तिला सरसकट पूर्ण उघडतात. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशा पथक समोरून येत असतं, टिपरू हवेत, गुलालाने कॉन्ट्रास्ट गेलेला, ऑटोफोकस मागेपुढे झुलत राहतो. दिव्यांच्या उजेडात एफ/१.८, १/२५० आणि आयएसओ १६०० असा हिशोब बसत असेल तर एफ/२.८ ला आयएसओ ४००० लागेल. ३५ एमएमवर ३ मीटरला पट्टा ८० सेंटिमीटरवरून सव्वा मीटरच्या वर जातो. ढोल आणि ढोल वाजवणारा दोन्ही त्यात मावतात, एफ/१.८ ला एकच मावतो. आताच्या कॅमेऱ्यांचा आयएसओ ४००० चा दाणा संगणकावर सहज कमी होतो. हुकलेला फोकस कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

फोकस बरोबर, पण रस्ताच गेला

ही तक्रार कमी लोक करतात, कारण फोटो तांत्रिकदृष्ट्या पास झालेला असतो. डोळे शार्प, मागे मलईदार बोके (धूसर पार्श्वभूमी), लाइक्सही येतात. पण तो मंडईत काढला की मॉलच्या पार्किंगमध्ये, हे कळत नाही. मग रस्त्यावर जायचं कारण काय उरलं?

याचं निदान दुकानाच्या पाटीवर करता येतं. ३५ एमएम, माणूस २ मीटरवर, मागे ८ मीटरवर वीतभर अक्षरांची पाटी. एफ/१.४ ला एका बिंदूचा डाग अक्षराच्या रेघेच्या दुप्पट-अडीचपट रुंद पडतो. पाटी म्हणजे नुसता रंगाचा ठिपका. एफ/४ ला डाग रेघेएवढा होतो आणि अक्षरं ओळखीची वाटू लागतात. एफ/५.६ ला पाटी मऊ असली तरी वाचता येते, आणि माणूस तरीही तिच्यापासून सुटा दिसतो. मला ही एफ/४ ते एफ/५.६ ची जागा रस्त्यासाठी सगळ्यात उपयोगी वाटते, आणि फास्ट लेन्स त्याच जागी सहसा सर्वात शार्पही असते.

रघुबीर सिंग यांची मुंबईतली रंगीत छायाचित्रं या नजरेने बघावीत. १९९९ साली ते गेले. काम सगळं फिल्मवरचं. काच, आरसा, दारातला माणूस, पलीकडचा रस्ता, असे तीन-चार थर एका फ्रेममध्ये, आणि मागच्या थरातला माणूस पुढच्याइतकाच महत्त्वाचा. तिथे पार्श्वभूमी धूसर केली असती तर फोटोत काही उरलंच नसतं.

मग पूर्ण उघडायची वेळ कधी? मागे खरोखर कचरा असेल तेव्हा: पार्क केलेल्या गाड्या, वायरींची जाळी, भडक फ्लेक्स. किंवा पुढचा थर मुद्दाम वितळवायचा असेल तेव्हा. दादरच्या फुलबाजारात, कवी केशवसुत पुलाच्या आसपास, झेंडूच्या ढिगाला लेन्स जवळजवळ चिकटवून पलीकडच्या विक्रेत्यावर फोकस करा. एफ/२ ला पुढचा झेंडू केशरी धुकं होतो आणि विक्रेता त्यातून वर येतो. माणूस बसलेला, अंतर ३ मीटरच्या आसपास, मागे काही गमावण्यासारखं नाही, असं असेल तर खुशाल उघडा.

एवढं करूनही मऊच येत असेल

मग लेन्सची तपासणी करा, पण घरात, ट्रायपॉडवर. ५० एमएमसाठी अडीच मीटरवर वर्तमानपत्र भिंतीला सपाट लावा आणि शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. लेन्स पूर्ण उघडी, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा, असे बरेच फोटो. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर निम्मे व्ह्यूफाइंडरमधून आणि निम्मे लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काढा. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला हुकलेले असतील तर बॉडीतला फोकस सेन्सर आणि लेन्स यांचं जुळत नाही. मधल्या-वरच्या मॉडेलांत एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटने हे घरीच बसवता येतं, खालच्यांत सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा आजार तिथे नाही. दोन्ही प्रकारे मऊ येत असेल, किंवा वर्तमानपत्राची एकच बाजू मऊ असेल आणि कॅमेरा उलटा धरल्यावर दुसरी बाजू मऊ होत असेल, तर दोष लेन्सच्या आतल्या काचांच्या बसण्यात आहे.

एक चकवा यात राहतो. काही फास्ट लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकसचं प्रतल थोडं मागे सरकतं. झाइसची सी सोनार ५० एमएम एफ/१.५ यासाठी प्रसिद्ध आहे. एफ/१.५ ला बरोबर आणि एफ/२.८ ला जवळच्या अंतरावर हुकलेलं, असं दिसलं तर तो बिघाड नसून लेन्सचा स्वभाव असतो. म्हणून तपासणी एफ/२.८ आणि एफ/४ लाही करा. सर्व्हिस सेंटरला जाताना लेन्ससोबत बॉडी द्या आणि हे तपासणीचे मूळ फोटो कार्डवर तसेच ठेवा. रस्त्यावरचे बाद फोटो दाखवून तिथे काहीच सिद्ध होत नाही.